इंच सगळे विचारतात, ऑफसेट कोणी विचारत नाही

अलॉय व्हीलच्या दुकानात गिऱ्हाइकाची पहिली मागणी ठरलेली असते: "सोळा इंची दाखवा." दुकानदाराचा पहिला प्रश्नही ठरलेला: "गाडी कोणती?" स्विफ्ट म्हटलं की तो चार भोकांची, शंभर पीसीडीची चाकं काढतो. डिझाइन पसंत पडतं, थोडी घासाघीस होते आणि तासाभरात गाडी जॅकवरून खाली उतरते. तेव्हा ती दिसते झकास. तक्रार सुरू होते ती पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गाडी गावाला निघाली की. गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज येतो, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिक लायनरला घासतो. दुकानात परत गेलं तर उत्तर मिळतं, "लायनर थोडा कापून देतो."

या सगळ्या व्यवहारात दोन आकडे बोलले गेले, व्यास आणि पीसीडी, म्हणजे नट-बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चाक गाडीत नीट बसणार की नाही हे ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असतं, ते दोन आकडे कोणी उच्चारलेच नाहीत. चाकाची रुंदी हा एक आणि ऑफसेट हा दुसरा. दोन्ही चाकाच्या पाठीवरच कोरलेले किंवा ओतलेले असतात. '१५ x ६ जे एच२ ईटी ४५' असं काहीतरी तिथे दिसतं. पंधरा म्हणजे इंचांतला व्यास, सहा म्हणजे इंचांतली रुंदी, जे म्हणजे कडेच्या ओठाचा प्रमाणित आकार, एच२ म्हणजे टायर जागेवर धरून ठेवणारे आतले दोन उंचवटे आणि ईटी ४५ म्हणजे ४५ मिलिमीटर ऑफसेट.

रुंदीतला पहिला गोंधळ मोजण्याचा आहे. सहा इंच रुंदी म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर नव्हे. टायरची कड ज्या दोन ओठांच्या मध्ये बसते, त्या ओठांच्या आतल्या बाजूंमधलं ते अंतर असतं. ओठांची जाडी धरली तर सहा इंची चाक बाहेरून बाहेर साधारण सात इंच भरतं. टेप लावून "हे सातचं आहे" असं सांगणारे विक्रेते दर वेळी फसवतातच असं नाही, बऱ्याचदा त्यांनाही हा फरक ठाऊक नसतो.

ऑफसेट समजायला चाक मनातल्या मनात उभं चिरायचं. रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ काढायची. चाकाची जी सपाट बैठक हबला टेकते ती या रेघेवर असेल तर ऑफसेट शून्य. बैठक रेघेपासून रस्त्याच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक, आणि मग चाकाचा बराचसा भाग गाडीच्या पोटात जातो. बैठक आतल्या बाजूला असेल तर ऑफसेट उणे, चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं आणि तोंडाशी ती खोल परातीसारखी 'डीप डिश' तयार होते. आजच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह छोट्या गाड्यांची मूळ चाकं बहुतेक ३५ ते ५० मिलिमीटर अधिक ऑफसेटची असतात, कारण हब, ब्रेक आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा हा सगळा संसार चाकाच्या पोकळीत बसवायचा असतो. अमेरिकी पद्धतीत याच गोष्टीला बॅकस्पेसिंग म्हणून मोजतात, म्हणजे बैठकीपासून चाकाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. फोर बाय फोरच्या दुकानांत हा शब्द ऐकू येतो. हिशेब तोच, फक्त मोजायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून.

खरी मेख अशी की रुंदी आणि ऑफसेट वेगवेगळे पाहून काहीच कळत नाही. "ऑफसेट तोच ठेवलाय, काळजी नको," हे आश्वासन रुंदी बदलली की निरर्थक होतं. पाहायचं ते दोन कडांकडे. बैठकीपासून आतली कड किती आत जाते आणि बाहेरची कड किती बाहेर येते? रुंदीच्या निम्म्यात ऑफसेट मिळवला की आतली बाजू मिळते, वजा केला की बाहेरची.

समजा मूळ चाक ६ जे, ईटी ४५ आहे. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, निम्मे ७६.२. आतली बाजू १२१.२, बाहेरची ३१.२. आता त्या जागी ७ जे, ईटी ४५ घातलं, तर चाक दोन्हीकडे १२.७ मिलिमीटरने फुगतं. स्ट्रटच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या उभ्या खांबाच्या, बाजूला बारा मिलिमीटर मोकळी जागा बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतेच. त्याऐवजी ७ जे, ईटी ३८ घेतलं तर आतली बाजू १२६.९ आणि बाहेरची ५०.९. आत फक्त ५.७ मिलिमीटर वाढ, बाहेर मात्र १९.७. म्हणजे ऑफसेट सात मिलिमीटरने कमी झाला आणि बाहेरची कड जवळजवळ वीस मिलिमीटर सरकली. ऑफसेट कमी करणं हा रुंद चाक आतल्या भागांपासून वाचवायचा मार्ग आहे, पण त्याची किंमत बाहेर मोजावी लागते.

इथे टायर आणखी एक गंमत करतो. २०५/५५ आर १६ हा टायर साडेसहा इंची चाकावर मोजला तर त्याची सर्वांत फुगलेली रुंदी सुमारे २१४ मिलिमीटर भरते, नावातल्या २०५ पेक्षा बरीच जास्त. चाक अर्ध्या इंचाने रुंद केलं की टायर साधारण पाच मिलिमीटरच रुंदावतो, कारण त्याच्या भिंती फक्त सरळ उभ्या राहतात. म्हणून वरच्या उदाहरणात टायर तोच ठेवला तर टायरची आतली भिंत ७ जे, ईटी ३८ वर उलट दोनेक मिलिमीटर स्ट्रटपासून दूर जाते, जरी चाकाची धातूची कड जवळ आली असली तरी. घासणार ते टायर की चाक, हे स्ट्रटचा कुठला भाग किती उंचीवर आहे त्यावर ठरतं. फिटमेंटची इंटरनेटवरची कॅल्क्युलेटरं बहुधा धातूच्या कडा मोजतात आणि टायरची फुगवट गिऱ्हाइकावर सोडून देतात.

प्रत्येक टायरसाठी उत्पादकाने चालणारी किमान-कमाल चाकाची रुंदी दिलेली असते. १८५/६५ आर १५ ला साधारण ५ ते ६.५ इंच, २०५/५५ आर १६ ला ५.५ ते ७.५ इंच. या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात राहिलं तर टायरच्या भिंतीला चांगला आधार मिळतो आणि वळणावर गाडी चटकन प्रतिसाद देते. अरुंद चाकावर रुंद टायर चढवला की भिंत वळणावर लोळते आणि रुंदीचा पैसा वाया जातो. याच्या उलट टोक म्हणजे रुंद चाकावर अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन. जपानच्या सुधारित गाड्यांच्या जगातून ती पसरली, तिथे चाकं इतकी तिरकी बसवतात की टायरची फक्त आतली कड रस्त्याला लागते. मेळाव्यात फोटो काढायला ते ठीक. महाराष्ट्रातल्या पावसाळी रस्त्यांवर, जिथे खड्ड्याची खोली पाण्याखाली लपलेली असते, तिथे ताणलेल्या टायरची कड चाकावरून निसटायला एक नीट बसलेला तडाखा पुरतो.

ऑफसेटचा धडा सर्वांत स्वच्छपणे शिकवणारं उदाहरण एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचं आहे. बीएमडब्ल्यूची १९९५ ते २००३ मधली फाइव्ह सीरिज, म्हणजे ई३९, आणि त्याच सुमाराची थ्री सीरिज ई४६. दोन्हींना पाच बोल्ट, दोन्हींची पीसीडी १२० मिलिमीटर. कागदावर चाकं अदलाबदलीची वाटतात. पण थ्रीचं सोळा इंची मूळ चाक ७ जे, ईटी ४७, तर फाइव्हचं ७ जे, ईटी २०. थ्रीचं चाक फाइव्हवर चढवलं तर ते २७ मिलिमीटर आत घुसतं आणि स्ट्रटशी भांडतं. फाइव्हचं सतरा इंची, ८ जे, ईटी २० चाक थ्रीवर चढवलं तर बाहेरची कड जवळपास ४० मिलिमीटर बाहेर येते. शिवाय फाइव्हच्या चाकाचं मधलं भोक ७४.१ मिलिमीटर, थ्रीचं ७२.६. थ्रीचं चाक फाइव्हच्या हबवर बसतच नाही, भोक लहान पडतं. फाइव्हचं थ्रीवर बसतं, पण मध्ये कडं घालावं लागतं.

हे कडं, म्हणजे हब रिंग, आपल्याकडच्या छोट्या गाड्यांनाही लागतं. मारुती आणि ह्युंदाईच्या बऱ्याच शंभर पीसीडीच्या गाड्यांचं हबचं माप ५४.१, होंडा सिटीचं ५६.१. बाजारातली अलॉय सगळ्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची ओततात. रिंग न घालता नुसत्या नटांच्या भरवशावर बसवलेलं चाक एखाद्या केसाइतकं बाजूला बसलं की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि मालक बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतो. फियाटची पालिओ बाळगणाऱ्यांना तर आणखी एक दोन मिलिमीटरचा छळ माहीत आहे: त्यांची पीसीडी ९८, बाजारातली चाकं १००ची. बोल्ट कसून आवळले की ती 'बसतात' आणि ते बोल्ट वाकडे ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं फिरतात.

मोठ्या गाड्यांकडे वळलं की आकडे बेफाम होतात. टोयोटा फॉर्च्युनरचं सतरा इंची मूळ चाक ७.५ जे, ईटी ३०. ऑफरोडच्या रुबाबासाठी तिथे ९ जे, उणे १२ ऑफसेटची चाकं चढवली जातात. हिशेब करून पाहावा. मूळ चाकाची बाहेरची बाजू ६५.२५ मिलिमीटर, नव्याची १२६.३. म्हणजे प्रत्येक बाजूला ६१ मिलिमीटर चाक बाहेर, आणि मागोमाग टायरही. चाकांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, ८४ मिलिमीटरने वाढतं. गाडी रुंद पावलांनी उभी असल्यासारखी दिसते यात शंका नाही. पण चिखल आता मडगार्डखाली न राहता थेट दारांवर आणि आरशांवर उडतो, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या काचेवर खडे उडतात, आणि खरं नुकसान तर डोळ्यांना दिसत नाही.

ते नुकसान स्टिअरिंगच्या भूमितीत होतं. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर एका बिंदूला टेकतो. त्या बिंदूपासून टायरच्या ठशाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ऑफसेट जितका कमी कराल, टायरचा ठसा जवळपास तितकाच बाहेर सरकतो आणि हे अंतर बदलतं. मोटार कंपन्या ते फार विचारपूर्वक ठरवतात. १९७२ मध्ये आलेल्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उणे ठेवलं होतं, म्हणजे अक्ष टायरच्या ठशाच्या मध्याच्याही बाहेर टेकत होता. ब्रेकचं तेल तिरकसपणे दोन स्वतंत्र वाहिन्यांत वाटलेलं असलं आणि त्यांतली एक निकामी झाली, तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. उणे स्क्रब रेडियसमुळे तोच ब्रेक चाकाला हलकेच उलट दिशेला वळवतो आणि गाडी बरीचशी सरळ राहते. एका बाजूची दोन चाकं ओल्या मातीवर आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असतानाही हाच उपयोग. आता अशा गाडीवर वीस मिलिमीटर कमी ऑफसेटची चाकं चढवा. उणे अंतर शून्याच्या पलीकडे जाऊन अधिक होतं, आणि ब्रेक लावताच वाचवायला ठेवलेली तीच यंत्रणा गाडीला उलट ओढू लागते. रोजच्या शहरी चालवण्यात हे कदाचित कधी जाणवणार नाही. जाणवेल ते घाटातल्या उतारावर, अर्धा रस्ता ओला असताना.

बेअरिंगचं गणित त्यामानाने सरळ आहे. पाण्याने भरलेली बादली अंगाला चिकटवून धरली तर मिनिटभर धरता येते, हात लांबवून धरली तर खांदा लगेच बोलू लागतो. चाकाचा ठसा बेअरिंगपासून जितका दूर जाईल तितका त्यावरचा वाकवणारा जोर वाढतो, गाडीचं वजन एक ग्रॅमही न वाढता. चाक बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. चाकाच्या वळणातल्या थकव्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आयएसओ ३००६ मध्ये, प्रयोगशाळेत चाकाला किती जोराने वाकवायचं हे ठरवणाऱ्या सूत्रात टायरची त्रिज्या, भार आणि पकडीबरोबर ऑफसेटचा आकडाही बसवलेला आहे. अधिकृतपणे तपासलेलं चाक हे विशिष्ट ऑफसेट आणि विशिष्ट भारासाठीच तपासलेलं असतं.

हब आणि चाक यांच्या मध्ये घालायच्या चकतीबद्दल, म्हणजे स्पेसरबद्दल, दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे स्पेसर हे मरणच, दुसरं म्हणजे काही होत नाही. पोर्शने स्वतःच एकेकाळी पाच मिलिमीटरचे स्पेसर, त्यांना साजेशा लांब बोल्टांसह, अधिकृत ऑप्शन म्हणून विकले. म्हणजे स्पेसर मुळात पाप नव्हे. हबवर नेमका बसणारा, नीट यंत्रावर कातलेला, जेवढा जाड तेवढेच बोल्ट लांब केलेला स्पेसर काम करतो. धोक्याचे असतात ते ओतीव, सैल भोकाचे, बारा-पंधरा मिलिमीटरचे स्पेसर, ज्यांच्यावरून मूळ नटांना धरायला चारच आटे उरतात. आणि भूमितीच्या हिशेबात स्पेसर म्हणजे ऑफसेट कमी करणंच. पंधरा मिलिमीटरचा स्पेसर ईटी ४५ ला ईटी ३० करतो, मग ते दुकानदार कोणत्याही नावाने विको.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. बाजूच्या मडगार्डबाहेर हातभर आलेली चाकं घेऊन फिरणाऱ्या गाडीला पोलिसांनी थांबवलं तर मालकाकडे फारशी बाजू उरत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीने तेच बोट दाखवलं तर ते जास्त महाग पडतं. भारतीय मानक ब्युरोच्या मानकांखाली चाकांना आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वतंत्र गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यामुळे आयएसआय चिन्ह ही चाकाच्या पाठीवर शोधायची आणखी एक गोष्ट झाली. जपानी चाकांवर प्रमाणित असल्याची जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी अक्षरं दिसतात. नकली चाकांवरही ती ओतलेली आढळतात, तेव्हा नुसत्या अक्षरांवर विसंबू नये.

यातला बराच कारभार महाराष्ट्राच्या दारात चालतो. पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला एन्केई या कंपनीचा अलॉयचा कारखाना आहे, गाड्यांच्या कंपन्यांसाठी ओतली जाणारी चाकं तिथून जातात. पुण्यातच एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत चाकांच्या चाचण्या होतात: वळणातला थकवा, फिरतानाचा थकवा आणि १३ अंशांच्या तिरक्या बैठकीवर धडक. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मात्र त्याच कंपन्यांची सेकंडहँड चाकं रचून ठेवलेली असतात. खरं सांगायचं तर नव्या नक्षीदार नकलेपेक्षा दुसऱ्या गाडीवरून काढलेलं मूळ कंपनीचं चाक अनेकदा जास्त भरवशाचं ठरतं. अट एकच, त्याचे आकडे आपल्या गाडीशी जुळायला हवेत आणि ते वेल्डिंग करून जोडलेलं नसावं.

बदल करायचाच असेल तर आधी टायरचा एकूण व्यास पाहावा. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे जवळजवळ बरोबरी. इथे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि मडगार्डच्या वरची जागाही राहते. २०५/५५ आर १६ घेतला की व्यास दहा मिलिमीटरने वाढतो आणि मडगार्डच्या आतली मोकळीक कमी होते. मग मूळ चाक काढून स्ट्रट, टाय रॉडचं टोक आणि ब्रेकची नळी यांच्यापर्यंतचं अंतर मोजावं. ब्रेकचा कॅलिपर हे वेगळंच प्रकरण आहे: ऑफसेट आणि रुंदी जुळली तरी चाकाच्या काड्या आतून सपाट असतील तर त्या कॅलिपरला लागतात. कॅलिपरवर मळलेल्या मातीचा गोळा चिकटवून चाक चढवावं, हाताने फिरवावं आणि मातीवर किती खूण उमटली ते पाहावं. शेवटी पाच माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून, एका मोठ्या गतिरोधकावरून गाडी न्यावी. रिकामी गाडी दुकानासमोर फिरवून घेतलेल्या चाचणीला काही किंमत नाही.

रोज वापरायच्या गाडीसाठी हिशेब असा: रुंदी अर्धा इंच वाढवली, बाहेरची कड दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली नाही आणि आतली कड मूळ जागेच्या पाच-सहा मिलिमीटरच्या आत राहिली, तर बहुतेक गाड्या तक्रार करत नाहीत आणि चालवायलाही बऱ्या वाटतात. त्याच्या पलीकडे गेलं की चाक बदलणं संपतं आणि सस्पेन्शनची रचना बदलणं सुरू होतं, जे काम अलॉयच्या दुकानाचं नाही. दुकानदाराला इंच विचारण्याआधी ईटी विचारा. तो आकडा त्याला सांगता येत नसेल तर चाक उलटं करून दाखवायला सांगा. तिथेही तो आकडा कोरलेला नसेल, तर डिझाइन कितीही देखणं असलं तरी ते चाक घेऊ नका.